दोर कुणी कापला

पाचव्या माळेच्या सकाळी होडी जागेवर नव्हती.

रूपाली दात घासत पाण्याकडे गेली होती. समोर धरणाचं पाणी तुडुंब भरलेलं, पलीकडे टेकाड, टेकाडावर तिचा झेंडू, आणि मधे जिथं रोज होडी उभी असायची तिथं नुसतं पाणी. तिनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग तोंडातला फेस पुसायचंही भान न ठेवता ती घराकडे पळत सुटली.

"अहो, होडी गेली!"

कुंदन उघड्या अंगानं बाहेर आला. त्याच्यामागून सासरा वाळू टोपी चाचपत, आणि सासू मालनबाई पिठाचे हात तसेच घेऊन. चौघं काठाकाठानं शोधत निघाली. होडी सापडली ती पार खालच्या अंगाला, बेशरमाच्या झुडपात तोंड खुपसून बसलेली. शीड गुंडाळलेलं जसंच्या तसं, डोलकाठी शाबूत. फक्त पुढच्या टोकाला दोराचा वीतभर तुकडा लोंबत होता आणि लंगर कुठं पाण्याच्या तळाशी राहिला होता.

वाळूनं तो तुकडा हातात घेतला. एकदाच बघितला आणि खाली टाकला.

"बंटीनं कापला," तो म्हणाला.

या होडीशिवाय यंदा या घराचं पान हलत नव्हतं. कुंदन लग्नाआधी काही वर्षं एका बोट क्लबात कामाला होता. तिथं मोडीत निघालेली शिडाची छोटी होडी त्यानं मागून आणली, तिचं फुटलेलं बूड स्वतः बुजवलं, ताडपत्रीचं शीड शिवलं. तेव्हा गावानं त्याची यथेच्छ चेष्टा केली. पण यंदा धरण असं भरलं की टेकाडाकडे जायची वाट पाण्याखाली गेली, टेकाडाचं बेट झालं, आणि चेष्टा करणारे गप्प बसले. काठ सगळा काळ्या कातळाचा. होडी काठाला लावली तर तिचं बूड सोलून निघायचं. म्हणून ती अलीकडे असो की पलीकडे, कमरेएवढ्या-छातीएवढ्या पाण्यात लंगरावरच उभी ठेवावी लागे, आणि माणसांनी पाण्यातून चालत तिच्यापर्यंत जायचं.

टेकाडावर वाळू दरसाल सोयाबीन टाकायचा. सायखेड्याहून या घरात आलेल्या रूपालीनं यंदा हट्ट धरला, झेंडू लावायचा. "फुलं काय भाकरीसंगं खायची का?" असं वाळूनं विचारलं, आठवडाभर तोंड वेंगाडून दाखवलं, आणि शेवटी "कर तुझी थेरं" म्हणून सोडून दिलं. रूपालीनं रोपं आणली, लावली, खुरपली. आता झेंडू असा फुलला होता की अलीकडच्या काठावरून बघतानाही ती मनातल्या मनात क्रेट मोजायला लागायची. पण झेंडूचा खरा सण एकच. दसऱ्याच्या पहाटे नाशकाच्या बाजारात पोचला तर तो झेंडू. नंतर त्याला शेळ्यासुद्धा हुंगून सोडतात.

आणि वाळूनं नेमका याच आठवड्यात भांडण उकरून काढायला मुहूर्त साधला.

बंटी म्हणजे वाळूच्या चुलतभावाचा मुलगा. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून धरणात जाळी टाकायचा, त्यामुळे होडीच्या आसपास रोजचाच. त्याची आई पुतळाबाई तोडणीच्या बायकांची मुकादम. तिच्या एका हाकेवर वस्तीतल्या सगळ्या बायका टोपल्या घेऊन निघत. फुलं तोडायला तिचीच टोळी ठरली होती. टेकाडाच्या चाऱ्यावरून दोन घरांत उन्हाळ्यात थोडं वाजलं होतं, तेवढं वाळूला पुरलं. तो तडक पुतळाबाईच्या अंगणात गेला आणि तिथं बायका भाज्या निवडत बसलेल्या असताना म्हणाला, "वैनी, तुमच्या पोराला सांगा, चोरट्यासारखा लोकांच्या होड्या सोडू नको."

पुतळाबाई उठली. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. ती ओरडली नाही. "भावजी, तुम्ही डोळ्यानं बघितलं?"

"बघायला कशाला पाहिजे? दोर काय आपोआप तुटतो?"

"मग उद्यापासनं माझी एक बाई तुमच्या टेकाडावर पाय ठेवायची नाय. तोडा तुमची तुम्ही."

रूपालीला हे कळलं तेव्हा तिनं दसऱ्यापर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. दुसरी टोळी मिळायची सोय नव्हती. द्राक्षाच्या छाटण्या सुरू होत्या, सगळ्या बायका बागांमध्ये अडकलेल्या. तिला सासऱ्याचा असा राग आला की त्याच्या ताटात आमटी वाढताना पळी हातातून निसटेल की काय, अशी तिला भीती वाटली.

पण दोराचा तो तुकडा तिच्या डोक्यातून जाईना. तिनं तो आणून उजेडात धरला. कोयत्यानं तोडलेलं टोक कसं असतं ते तिला पाठ होतं, ते सपाट असतं. हे टोक पिंजून निघालेलं होतं, धागे फुलून झुबका झालेला.

"उंदरानं खाल्लं आसंल," मालनबाई म्हणाली.

"पाण्यात कुठला उंदीर, आई?"

कुंदननं बुडी मारून लंगर काढला, उरलेला दोर होडीला बांधला आणि होडी पुन्हा जागेवर उभी केली. दुपारी वारा सुटला तशी रूपाली साडी खोचून पाण्यात शिरली आणि होडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पाणी छातीला लागत होतं. ती काही करत नव्हती, नुसती बघत होती. काठावरून जाणाऱ्या एकदोघांनी "काय गं, अंघोळ का?" म्हणून विचारून घेतलं.

होडी एका जागी उभी नव्हती. वाऱ्याबरोबर ती डावीकडे जायची, दोर ताणला जायचा, मग उजवीकडे. दाव्याला बांधलेला बैल माशांनी हैराण होऊन मान हलवतो तशी तिची एकसारखी घुसळण चालली होती. आणि प्रत्येक हेलकाव्याला दोर होडीच्या तोंडावरच्या पत्र्याच्या पट्टीवर घासत होता, कर्र कर्र. रूपालीनं पट्टीवरून बोट फिरवलं तर बोटाला चर्रकन लागलं. पट्टीची कड जुनी होऊन धारेला आली होती. नवा बांधलेला दोर, सकाळचाच, आणि त्यावर आत्ताच केस उभे राहिल्यासारखे बारीक धागे निघाले होते.

"अहो!" ती किंचाळली. "अहो, या! चोर सापडला!"

कुंदन काठी घेऊन धावत आला आणि चोर बघून हसत सुटला. तिच्या ओल्या हातात त्यानं आपला हात दिला आणि दोघं कितीतरी वेळ त्या कर्र कर्रकडे बघत उभी राहिली. असा आनंद तिला लग्नातसुद्धा झाला नव्हता, असं ती नंतर म्हणायची, आणि कुंदन तोंड पाडून बसायचा.

मग खटपट सुरू झाली. आधी दोराला गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळलं. ते भिजून सैल झालं आणि सरकत पाण्यात गेलं. मग ठिबकची नळी चिरून घातली. ती पातळ, दुपारपर्यंत तिलाच भोक पडलं. शेवटी रूपालीनं फवारणीच्या पंपाचा जुना जाड पाइप शोधून काढला. त्याचा हातभर तुकडा कापला, उभा चिरला, दोरावर चढवला. सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना भोकं पाडून सुतळी ओवली आणि ती दोराच्या पेडांतून काढून गाठी मारल्या. शिवाय रोज सकाळी थोडा दोर सोडायचा, म्हणजे एकाच जागी घास बसायला नको, हेही ठरलं.

दुपारभर जोराचा वारा होता. संध्याकाळी पाइप उचलून बघितला तर आतला दोर जसाच्या तसा, गुळगुळीत. रूपालीनं पाण्यातच उडी मारली.

"या पाइपानं घर राखलं बघा, आई," ती मालनबाईला म्हणाली. त्या दिवसापासून जेवताना, चुलीपाशी, झोपताना तिच्या तोंडी पाइपाचंच कौतुक. मालनबाई ऐकून घ्यायची आणि मनात साठवायची.

वाळू मात्र ढिम्म. "पट्टी घासती, कबूल. म्हणून बंटी काय साधू झाला? मला दाखवा दोर तुटताना. तवा मानीन."

सातव्या माळेला रूपाली एकटीच पुतळाबाईकडे गेली, दोराचा पिंजलेला तुकडा घेऊन. पुतळाबाई शेळीचं दूध काढत होती. तिनं तुकडा बघितला, धागे बोटांनी चोळले.

"मला कशाला दाखवती, पोरी? माझ्या पोरानं कापला नाय हे मला ठाऊक हाय."

"मोठ्या आई, माझा माल जागेवर सडंल हो. नाना बोलले त्याची मी माफी मागते."

"तू कशापायी? चारचौघी बायांत चोर म्हणलं ते तुझ्या तोंडानं नाय. ज्यानं म्हणलं त्यानं चारचौघींतच तोंड उघडावं. मग माझ्या बाया रात्र झाली तरी तोडतील." ती पुन्हा दूध काढायला लागली. रूपाली उभीच राहिली तेव्हा तिनं एक तांब्या दूध पुढे केला. "चहाला ने. तुझ्याशी माझं भांडण नाय."

रूपालीनं घरी हे सांगितलं. वाळू उठून बाहेर निघून गेला.

तर मग तोडणी चौघांवर आली. अष्टमीला उजाडायच्या आत सगळी टेकाडावर. रूपाली आणि मालनबाई तोडायच्या, कुंदन क्रेट भरून खाली आणायचा, वाळू होडीत रचायचा. झेंडूच्या देठांचा हिरवा रस बोटांना लागून लागून काळा झाला, नखं दुखायला लागली. ऊन असं की पाठीवरचा घाम वाळून मीठ चढलं. कंबर सरळ करायला उभं राहिलं की समोर अजून न तोडलेला सगळा उतार पिवळाधमक दिसायचा, आणि रूपालीला कळेना की आनंद मानावा की रडावं.

नवमीला दुपारपर्यंत निम्मं शेतही झालं नव्हतं. रूपाली वरच्या अंगाला तोडत होती. मालनबाई खाली आंब्याच्या झाडापाशी गेली. खंडेनवमी होती, आणि कितीही काम असलं तरी हत्यारांची पूजा चुकवणारी ती बाई नव्हे. तिनं खुरपी, कोयते, कुदळ, फवारणीचा पंप धुऊन झाडाखाली मांडले. मग पाण्यात उतरून होडीला हळदकुंकू लावलं, तिच्या तोंडाला झेंडूची जाड माळ घातली. आणि तिची नजर पाइपाच्या तुकड्यावर गेली. शेवाळ लागलेला, चिखलानं माखलेला बिचारा. ज्यानं होडी राखली, घर राखलं, त्याला आजच्या दिवशी असं घाणीत ठेवायचं? तिनं सुतळीच्या गाठी सोडल्या, पाइप काढला, चिंचेनं घासल्यासारखा चकाकेल इतका धुतला, आणि खुरप्यांच्या शेजारी मानाच्या जागी ठेवून त्याला कुंकवाचं बोट लावलं. एकदा पूजेला बसलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नसतं. मालनबाई समाधानानं हात जोडून वर तोडायला गेली.

वारा सुटला तो त्यानंतर.

रूपाली डोक्यावर क्रेट घेऊन उतारानं खाली येत होती. होडी जवळपास भरली होती. वाळू आत, पुढच्या टोकाशी बसून क्रेटवर जाळी ओढत होता. पाण्याच्या कडेला रूपाली थांबली. काठाशी पाण्यावर पाकळ्या तरंगत येत होत्या. पिवळ्या, चिंधड्या झालेल्या, भुसा झालेल्या पाकळ्या. एक लाट आली की अजून मूठभर. तिनं होडीकडे बघितलं. तोंडाची माळ दोराखाली सापडून किसली जात होती.

"नाना!" तिनं क्रेट खाली टाकला. "नाना, पाइप कुठाय? दोर बघा, दोर!"

वाळूनं वाकून बघितलं. त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर दोराचा एक पेड उलगडत होता. तो बघत असतानाच फट् करून तुटला आणि सापासारखा मागे वळला. आजूबाजूला ना बंटी, ना कोयता. वाळू मागं सरकला. पाण्याचं त्याला लहानपणापासून वावडं, पोहता येत नव्हतं.

रूपाली पाण्यात घुसली. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. दुसरा पेड गेला. तिनं हात लांब करून पाण्यातला दोर धरला, पाय रोवले, आणि तिसरा पेड तिच्या डोळ्यांदेखत सुटला. तिच्या हातात लंगराकडचा दोर राहिला आणि होडी आडवी होऊन निघाली. पुढं टेकाडाच्या टोकाशी कातळाचे सुळके. होडीत तिचा दोन दिवसांचा सगळा झेंडू.

"कुंदन!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली. पण कुंदन वर होता, त्याला खाली यायला वेळ लागणार होता.

समोरच्या काठावर पुतळाबाई शेळ्यांना पाणी पाजत उभी होती. तिच्याबरोबर वस्तीतल्या बायका धुणं घेऊन बसलेल्या. बंटी तराफ्यावर जाळं सोडत होता, एका हाकेच्या अंतरावर. वाळू डोलकाठीला दोन्ही हातांनी मिठी मारून ओरडला, "वैनी! बंटीला पाठवा!"

बंटीनं वल्हं उचललं.

"थांब रे," पुतळाबाई म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून, "कंच्या बंटीला, भावजी? चोर बंटीला?"

"मोठ्या आई!" रूपाली पाण्यातून कळवळली.

"वैनी, दोर आपोआप तुटला! मी बघितला!"

"वाऱ्यानं ऐकू नाय आलं!"

धुण्याच्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. होडी फिरली, वाळूची टोपी उडाली आणि पाण्यात पडली. टकलावर ऊन चकाकलं. एक बाई फिसकन हसली.

"बंटीनं नाय कापला!" वाळू ओरडला.

"चारचौघींना ऐकू जाऊ द्या!"

"बंटीनं नाय कापला! माझं चुकलं! मी उगाच आळ घेतला! वैनी, मी गाढव हाय!" त्याचा आवाज पार पलीकडच्या टेकडीवर जाऊन परत आला.

"गाढव म्हणा म्हणून मी नव्हतं सांगितलं," पुतळाबाई म्हणाली, आणि मुलाकडे वळली. "जा रे."

बंटी आधीच निघाला होता. आई बोलत असतानाच त्याचं वल्हं हळूहळू चाललं होतं, हे सगळ्यांनी बघितलं होतं. त्यानं तराफा कातळ आणि होडीच्या मधे घातला, पायानं सुळक्याला रेटा दिला. होडी करकरत थांबली. तोवर कुंदन पोहत पोचला, दोघांनी तिला ओढून रूपालीकडे आणलं. रूपालीच्या तळहातांची साल निघाली होती, पण दोर तिनं सोडला नव्हता. कुंदननं तुटलेल्या टोकांना गाठ मारली. वरची एक ओळ सांडून गेली होती, बाकी सगळे क्रेट जागेवर. रूपालीनं ते हातानं चाचपून बघितले आणि मग हसता हसता तिला रडू फुटलं.

आता पाइप पाहिजे होता. मालनबाई झाडाखाली उभी. तिला सगळं कळलं होतं आणि तिचा चेहरा उतरला होता. पाइपावरचं कुंकू अजून ओलं होतं. पूजेतलं हत्यार आणि उचलायचं? कुणाला तिच्याकडे मागायचं धैर्य होईना. मालनबाईनं स्वतःच पाइप उचलला, कपाळाला लावला.

"देवा, रागावू नको," ती म्हणाली. "बाकीच्यांना आज सुट्टी. याला नाय."

बंटीनं आणि कुंदननं भरलेली होडी पलीकडे पोचवली, रिकामी करून परत आणली, आणि त्या खेपेला पुतळाबाई आली. तिच्यामागून खेपेखेपेला बायका आल्या, धुणं काठावर टाकून, टोपल्या घेऊन. उतारावर रांग लागली तशी टेकाडाला जागच आली. एकमेकींना हाका, चेष्टा, गाणी. मधेच कुणीतरी जाड आवाज काढून "वैनी, मी गाढव हाय!" म्हणायची आणि सगळी रांग हसून लोळायची. वाळू मान खाली घालून क्रेट उचलत राहिला. पण दरवेळी पुतळाबाईच्या समोरून जाताना तिची टोपली आधी रिकामी करून घ्यायचा, आणि तीही टोपली पुढं करू लागली होती. रूपाली सगळ्यांच्या पुढे. सोललेल्या हातांना फडकी बांधून ती अशी तोडत होती की पुतळाबाईला म्हणावं लागलं, "अगं, झाड राहू दे जागेवर!"

सूर्य टेकला तेव्हा टेकाड हिरवंगार दिसत होतं. एक फूल राहिलं नव्हतं. शेवटच्या खेपेला कुंदननं शीड उभारलं. वारा पडता पडता का होईना, पण शिडात भरला, आणि रूपाली क्रेटच्या राशीवर बसून, फुलांच्या उग्र वासात, वल्ह्याचा आवाजसुद्धा न होता आपल्या गावाच्या काठाकडे निघाली. ओरडावंसं वाटत होतं, म्हणून ती ओरडली. काठावरच्या बायकांनीही ओरडून साथ दिली.

काठावर टेम्पो उभा होता. बंटी पाण्यात उभा राहून क्रेट देत होता, वाळू डोक्यावर घेऊन टेम्पोपर्यंत नेत होता. तालुक्याचा टेम्पोवाला, नवा, त्याला यांच्यातलं कुणी माहीत नव्हतं.

"लय माल काढला, बाबा," तो म्हणाला. "बाजारात कुणाच्या नावानं उतरवू? तुमचं नाव काय?"

दुपारी होडीतून ओरडून ओरडून वाळूचा घसा पार बसला होता. नुसती घरघर येत होती. त्यानं डोक्यावरचा क्रेट खाली ठेवला, खाकरला, जमेल तेवढा आवाज काढला.

"माझं कशाला?" तो म्हणाला. "रूपालीच्या नावानं उतरव. बाग तिची हाय."